गच्चीवरचं ‘स्टार वॉर्स’: आई-बाबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर पांढरी चादर टांगली जाते आणि लगेच प्रश्न सुरू होतात. कोणी जिन्यात गाठतं, कोणी सकाळी दूध घेताना. तीच तीच उत्तरं देऊन जीभ झिजली, म्हणून एकदाची लिहून काढली. गेली सात वर्षं मी इमारतीतल्या पोरांना ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकी अवकाशकथेचे सिनेमे दाखवतोय. खाली जे शहाणपण दिसेल ते बहुतेक माझ्या चुकांतून आलंय.

आधी एक सूचना. या मालिकेत एक गोष्ट अशी आहे, जी या पानावर कुठेही सापडणार नाही. तिला मी नुसतं ‘ती गोष्ट’ म्हणणार आहे. ज्या मोठ्यांना माहीत आहे त्यांना कळेल. ज्यांना माहीत नाही त्यांनी पोरांबरोबर चटईवर बसावं. मला तुमचा हेवा वाटतो.

माझं मूल पाच वर्षांचं आहे. चालेल का?

थांबा. १९७७ चा पहिला सिनेमा सहा-सात वर्षांपासून, १९८० चा दुसरा आठच्या आसपास, १९८३ चा तिसरा त्याच्या पाठोपाठ, असा माझा हिशोब. पण वय हा काही दाखला नव्हे. रात्री एकटं उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाणारं सात वर्षांचं पोर, आईचा पदर धरून जाणाऱ्या नऊ वर्षांच्या पोराआधी तयार झालेलं असतं. २००५ चा भाग मात्र अकरा-बारापर्यंत कपाटात ठेवा. अमेरिकेत या मालिकेतल्या सिनेमांपैकी ‘तेराच्या आतल्यांसाठी सावध’ असा शिक्का सगळ्यात आधी त्यालाच बसला, आणि तो बघितला की शिक्का का बसला हेही कळतं.

पाच वर्षांच्या पोराला फारच घाई असेल तर अगदी लहानग्यांसाठी २०२३ पासून एक कार्टून मालिका आहे, तिच्यावर भागवा. मला स्वतःला ती दहा मिनिटांवर बघवत नाही, पण ती माझ्यासाठी केलेलीच नाही.

कुठला भाग आधी? आमच्याकडे नवरा-बायकोचं यावरून वाजलंय.

वाजू द्या, जुनं भांडण आहे.

गोंधळ होतो तो आकड्यांमुळे. १९७७ साली आला तो सिनेमा कथेतला चौथा भाग. पण तेव्हा त्याच्यावर कुठलाच आकडा नव्हता. ‘भाग चौथा’ हे १९८१ च्या पुनःप्रदर्शनात पडद्यावर आलं. मग १९९९, २००२ आणि २००५ मध्ये पहिला, दुसरा, तिसरा भाग आले. पुढे २०१५, २०१७ आणि २०१९ ला सातवा, आठवा, नववा. ॲपवर ते आकड्यांप्रमाणे ओळीने दिसले की सरळमार्गी माणूस एकपासून सुरू करतो. आपली शाळेची सवय.

तसं करू नका. जसे आले तसेच दाखवा: ७७, ८०, ८३. मग भरपूर दिवस जाऊ द्या. बाकीचं नंतर. यापुढे मी पहिला, दुसरा, तिसरा भाग म्हणेन तो याच क्रमाने.

कारण सांगतो. मी दहा वर्षांचा असताना आमच्याकडे व्हीसीआर नव्हता. गणपतीच्या सुट्टीत मामाने रावपुऱ्यातून एका रात्रीसाठी भाड्याने आणला. सोबत तीन कॅसेटी, दोन हिंदी आणि तिसरी ही. मिळाला तो नेमका १९८३ चा भाग, म्हणजे शेवटचा. रात्री दोन वाजता घरातले सगळे घोरत असताना मी एकटा टक्क जागा होतो. त्या सिनेमात ‘ती गोष्ट’ सगळ्यांना ठाऊकच आहे अशा थाटात बोलली जाते. मला धड कळलंही नाही की आपल्या हातून काय निसटलं. बऱ्याच वर्षांनंतर दुसरा भाग पाहिला, सगळं जग जिथे दचकलं तिथे आलो, आणि मी दचकलो नाही. रहस्यकथेचं शेवटचं पान कोणीतरी आधीच वाचून दाखवावं तसं झालं. ते दचकणं मला या जन्मी मिळणार नाही. म्हणून मी दरवर्षी इतरांच्या पोरांना दचकताना बघतो. यापुढे तुम्ही ‘या काकांना काय सोस आहे’ असं विचाराल, तर उत्तर हेच.

१९९९ च्या भागापासून सुरुवात केलीत तर ‘ती गोष्ट’ गुपित राहतच नाही, डोळ्यांसमोर सरळ घडत जाते. त्यातली रथांसारखी शर्यत पोरांना वेड लावते हे कबूल. पण तेवढ्यासाठी एवढी मोठी किंमत?

आणि बनवणाऱ्यांनी ‘ती गोष्ट’ किती जपली होती ते ऐका. दुसऱ्या भागाच्या चित्रीकरणात काळ्या चिलखतातल्या नटाला, डेव्हिड प्राउझला, मुद्दाम वेगळंच, खोटं वाक्य बोलायला दिलं होतं. समोर उभ्या असलेल्या नायकाला, मार्क हॅमिलला, खरं काय ते शॉटच्या जरा आधी कानात सांगितलं. खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात भरलं. सेटवरचे बाकीचे खोट्यावरच विश्वास ठेवून घरी गेले. आपल्याला फक्त एका इमारतीत तोंड बंद ठेवायचंय.

मुलांना इतकं इंग्रजी कळत नाही. सबटायटल वाचता वाचता चित्र निघून जातं.

मग तुम्ही बोला. सुरुवातीला पिवळी अक्षरं तिरकी होत वर आकाशात जातात ना, तिथे आवाज बारीक करू नका, कारण जॉन विल्यम्सचं संगीत त्याच क्षणी धाडकन सुरू होतं. आपणच त्याच्यावर आवाज चढवायचा. ‘फार फार वर्षांपूर्वी, दूरच्या एका दीर्घिकेत’ हे ऐकलं की आमच्या आई पहिल्या वर्षी पाठीमागून म्हणाल्या, “म्हणजे आटपाट नगरच की रे!” तेव्हापासून मी कहाणीच्या सुरातच सुरू करतो: आटपाट नगर होतं, तिथे एक दुष्ट साम्राज्य होतं. पोरं हसतात, पण गोष्टीत शिरतात.

मध्ये मध्ये फार सांगू नका. दर दहा मिनिटांनी एखादं वाक्य पुरे. निम्मी पात्रं कोणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलतात. आर्टू हा बुटका यंत्रमानव तर नुसता शिट्ट्या आणि ‘बीप’ करतो, आणि तो काय म्हणाला ते तीन वर्षांच्या पोरालाही कळतं.

दुसऱ्या भागातलं एक पात्र वाक्य उलटं बोलतं. इंग्रजीत ते विचित्र वाटतं. मी मराठीत तसं करायला गेलो, क्रियापद पुढे आणलं, ‘येईल राग, जाईल बुद्धी’, तर विचित्र न वाटता ओवीसारखं वाटायला लागलं. आपल्या भाषेत शब्द असे कुठेही बसतात. शेवटी मी त्याला घशातून घोगरं बोलायला लावलं आणि विषय संपवला.

भीती वाटेल असं काय काय आहे? आधीच सांगून ठेवा.

पहिल्या भागात: नायकाच्या काका-काकूंचे जळालेले सांगाडे, क्षणभरच, पण दिसतात. गुत्त्यात एकाचा हात तुटून पडतो. कचऱ्याच्या खोलीत पाण्याखालून काहीतरी पाय ओढतं आणि मग भिंती जवळ येऊ लागतात. मोठ्यांना सांगाड्यांची काळजी, पोरांना कचऱ्याच्या खोलीची. दरवर्षी.

दुसऱ्यात: बर्फातलं पांढरं जनावर, झाडाच्या मुळांमधली गुहा, आणि एका लाडक्या माणसाला जिवंत गोठवतात. हा भाग दुःखातच थांबतो. पोरं उदास होऊन जिना उतरतात, म्हणून तिसरा भाग दुसऱ्याच आठवड्यात ठेवा. १९८० च्या लोकांना तीन वर्षं थांबावं लागलं होतं हे सांगितलं तर पोरांना खोटं वाटतं.

तिसऱ्यात: तळघरातला राक्षस, लठ्ठ किळसवाणा जब्बा, आणि शेवटी बोटांतून वीज सोडणारा म्हातारा.

उपाय एकच आणि तो जुना आहे: मांडीवर घ्या. “खोटं आहे रे ते” असं म्हणू नका. खोटं आहे हे त्यालाही माहीत असतं, तरी भीती वाटते. “आता एक वाईट जागा येतेय, मग बरं होतंय” एवढं सांगितलं की पोरगं डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून बघतं.

दोन तास मूल बसत नाही.

पहिला १२१ मिनिटांचा, दुसरा १२४, तिसरा १३१. मध्यंतर करा, आपल्याकडे त्याची लाज नाही. पहिल्या भागात वाळवंटातल्या गावातून जहाज सुटून पळतं ना, तिथे थांबवा.

मध्यंतरात काय, असंही विचारतात. शेव-उसळ. पोरांची बिनतिखट, मोठ्यांची तर्री वेगळ्या किटलीत. पाव जास्त आणा.

तलवारींचं काय? पहिल्या शोनंतर घरात एकही काठी शाबूत राहिली नाही.

या प्रश्नासाठी मला जास्त जागा हवी.

तिसऱ्या वर्षी माझ्या भाच्याने पाण्याच्या टाकीमागून दोन जुन्या, गेलेल्या ट्यूबलाइट शोधून काढल्या. लांब, पांढऱ्या, सिनेमातल्या प्रकाशाच्या तलवारींसारख्या अगदी हुबेहूब. एक स्वतः घेतली, एक मित्राला दिली. पहिल्याच वाराला दोन्ही फुटल्या. नशिबाने नुसतं खरचटलं आणि गच्ची असल्यामुळे हवा मोकळी होती. अशा ट्यूबमध्ये थोडा पारा असतो. घरात फुटली तर पोरांना दुसऱ्या खोलीत न्या, खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा. झाडू मारू नका, त्याने पारा पसरतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, ओल्या कागदाने जागा टिपून घ्या आणि सगळं झाकणाच्या डब्यात बंद करून टाका. जुन्या ट्यूब आजच भंगारात काढा. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

आता तलवार कुठली द्यायची? बडोद्यात हा काय प्रश्न आहे! आपला गरबा टाळ्यांचा असला तरी माळ्यावर दांडियांची जोडी नाही असं घर दाखवा. आखूड, हलक्या, टोकाला गोल. वर रंगीत जिलेटीन कागद गुंडाळा, झालं. आमचे नियम तीन: काठी काठीलाच लागली पाहिजे, अंगाला नाही. खांद्याच्या वर वार नाही. भोसकणं बंद. हे मी शोधलेलं नाही, लहानपणी आखाड्यात लाठी शिकलो तेव्हा वस्तादांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं तेच आहे. ज्या गल्ल्यांमध्ये व्यायामगुरू प्रो. माणिकरावांचं नाव घेऊन पिढ्या घुमल्या, तिथल्या पोरांनी काठी नीट धरायला शिकावी. जुम्मादादा व्यायाममंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

पोरांना हेही सांगा की पडद्यावरचा काळा खलनायक एक माणूस नव्हे. अंग एकाचं, आवाज दुसऱ्याचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भागात तलवार बरीचशी तिसऱ्याची: बॉब अँडरसन, ऑलिंपिकमध्ये खेळलेला ब्रिटिश तलवारबाज. हे कळल्यापासून आमच्याकडे एक पोरगं चिलखत होतं, एक मागे उभं राहून आवाज देतं, आणि मारामारी आली की तिसरं ओरडतं, “एय, हवे मारो वारो!” म्हणजे आता माझी पाळी.

खेळणी कुठली घ्यावीत?

शक्यतो कुठलीच नाही. १९७७ च्या नाताळात अमेरिकेत केनर या कंपनीची खेळणी वेळेत तयारच झाली नाहीत. तेव्हा त्यांनी पुठ्ठ्याचं रिकामं पाकीट विकलं: आत एक कागद, पैसे आज द्या, बाहुल्या पुढच्या वर्षी पोस्टाने येतील. लोकांनी घेतलं! मी हे सांगितलं तेव्हा तळमजल्यावरच्या आजोबांना इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला.

फ्रिजचा खोका मिळाला तर मला फोन करा.

यातलं विज्ञान खरं आहे का? मुलगा शाळेत जाऊन काहीबाही सांगतो.

बरंचसं नाही, आणि तीच गंमत आहे. अवकाशात हवा नाही, त्यामुळे तिथे यानांचा घरघराट ऐकू येणं शक्य नाही. प्रकाशाची तलवार तीन फुटांवर थांबणं शक्य नाही, आणि दोन एकमेकींवर आपटणं तर नाहीच. हे सांगण्यापेक्षा दिवे घालवून दोन टॉर्च द्या आणि झोत एकमेकांवर धरायला सांगा. झोत आरपार निघून जातात. पोरं पाचेक मिनिटं नाराज असतात.

पण सगळंच थापेबाजी नाही. वाळवंटातल्या त्या ग्रहावर दोन सूर्य मावळतात. असा खरा ग्रह २०११ मध्ये नासाच्या केप्लर दुर्बिणीला सापडला, दोन ताऱ्यांभोवती फिरणारा. त्याचं नाव केप्लर-१६बी. आणि सिनेमातला तो गोल, राखाडी, एका बाजूला खळगा असलेला यांत्रिक गोळा आठवतो? शनीचा मायमस हा चंद्र जवळपास तसाच दिसतो. त्यावर सुमारे १३० किलोमीटर रुंदीचं विवर आहे. व्हॉयेजरने त्याचे फोटो पाठवले १९८० मध्ये, सिनेमा येऊन तीन वर्षं झाल्यावर. आधी सिनेमा, मग चंद्र! दोन्ही फोटो शेजारी ठेवून ‘यातला खरा कुठला’ असं विचारा.

सयाजीबागेत तारांगण आहे. शो चालू आहेत ना एवढं आधी विचारून मगच पोरांना न्या. बंद दरवाज्यासमोर बारा पोरं घेऊन उभं राहण्याचा अनुभव मी घेतलाय. त्या दिवशी बागेतल्या छोट्या आगगाडीत बसवून आणलं.

ते आवाज कसे काढले? मुलगी रोज विचारते.

हुशार आहे तुमची मुलगी. बेन बर्ट नावाच्या माणसाने. तलवारीची गुंगुं म्हणजे जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरचा आवाज आणि त्यात टीव्हीच्या पडद्यामागून येणारी खरखर. बंदुकीचा ‘पियू’ म्हणजे उंच मनोऱ्याला ताण देणाऱ्या तारेवर हातोडीने मारलेला टोला. शत्रूच्या विमानाची किंकाळी म्हणजे हत्तीचा चीत्कार, त्यात ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज. काळ्या खलनायकाचा श्वास पाणबुड्याच्या श्वासयंत्रातून.

घरी करायचं तर तांब्यात तोंड घालून श्वास घ्या आणि सोडा. पितळी असेल तर उत्तम. आमच्या इमारतीत आता देवघरातला तांब्या नाहीसा झाला की आज्या थेट वर येतात.

मुलींना आवडतं का हे?

हा प्रश्न मला दरवर्षी पडतो, म्हणजे तो लोक विचारतात का, हा. राजकन्या लेयाचं काम करणारी कॅरी फिशर चित्रीकरणाच्या वेळी १९ वर्षांची होती, आणि सुटका करायला आलेल्या पुरुषांना काहीच सुचेना तेव्हा बंदूक हिसकावून वाट तीच काढते. तक्रार असलीच तर तिच्याशिवाय पहिल्या भागात बायका जवळपास नाहीतच, ही आहे. ती तक्रार मुली स्वतः करतात, करू द्या.

सासरे म्हणतात, आपल्या गोष्टी सोडून हे परक्याचं कशाला?

त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची द्या. गुरूच्या शोधात रानात जाणारा शिष्य, रागावर ताबा, धाकट्या पोरांनी मोठं राज्य उलथवणं, यातलं त्यांना काय परकं वाटणार? हे सिनेमे रचणाऱ्या जॉर्ज लुकसने स्वतः जपानच्या अकिरा कुरोसावाच्या १९५८ च्या एका सिनेमातून दोन क्षुद्र माणसांच्या नजरेने गोष्ट सांगायची युक्ती घेतली. इथे त्या जागी दोन यंत्रमानव आले. गोष्टी अशाच गावोगाव हिंडतात.

आणि सिनेमाची जादू परकी म्हणत असतील तर दादासाहेब फाळके इथे, आपल्या कलाभवनात शिकले होते, हे हळूच सांगा. बडोदेकर सासरे तिथे विरघळतात.

आणि आवडलंच नाही तर?

नाही आवडलं. माझ्या लेकीला नाही आवडलं. मी सहा वर्षं वाट पाहिली होती, चादर इस्त्री केली होती. ती शेवटच्या लढाईत माझ्या मांडीवर झोपली. सकाळी विचारलं काय आवडलं, तर म्हणाली, “ते घोंगडीवाले.” वाळवंटात भंगार गोळा करणारे बुटके, जावा. मोजून काही मिनिटं आहेत पडद्यावर. नायक नाही, तलवार नाही, घोंगडीवाले. मी दोन दिवस घुम्यासारखा होतो. बायकोने विचारलंही, कोण गेलं म्हणून.

आता ती तेरा वर्षांची आहे. चादर टांगायला येते, प्रोजेक्टर लावून देते आणि सिनेमा सुरू झाला की खाली जाते. दर वर्षी जावा यायच्या वेळी मात्र बरोबर वर असते. कशी कळते वेळ, देव जाणे.

‘ती गोष्ट’ बाहेरून फुटली तर? शाळा आहे, यूट्यूब आहे, टी-शर्ट आहेत.

फुटेल. अर्ध्या जगाला माहीत आहे. यूट्यूबवर नाव टाकलं की पहिल्या पाच चित्रांत ती बसलेली असते, म्हणून तीन भाग होईपर्यंत शोधाशोध बंद ठेवा. ज्याला कळलंय त्या पोराला बाजूला घेऊन सांगा की आता तूही आमच्यातला, पहारेकरी. चौथीतला एक पहारेकरी गेल्या वर्षी तोंडावर हात दाबून सबंध दुसरा भाग बसला होता. त्याच्याइतका आनंद कोणालाच झाला नसेल.

पण मोठ्यांसाठीच्या या कागदावर तरी ‘ती गोष्ट’ लिहायची होती.

लिहिली होती. पहिल्या खेपेला सगळं सविस्तर लिहून जिन्याखालच्या फळ्यावर लावलं. मुद्दाम मराठीत, कारण आमची पोरं इंग्रजी नाहीतर गुजराती शाळेत जातात. मराठी बोलतात फर्मास, वाचत मात्र कोणी नाही. म्हटलं यापेक्षा सुरक्षित कुलूप नाही. वाईट वाटून घ्यायचं की खूश व्हायचं, तेही नक्की होत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची आठ वर्षांची पोर फळ्यासमोर उभी. शाळेत हिंदी शिकली होती तेवढ्या अक्षरांवर, बोट ठेवून ठेवून, मोठ्याने, एकेक शब्द लावत होती. ‘ळ’ ला अडखळायची, पुढे जायची. ती दुसऱ्या प्रश्नावर होती आणि ‘ती गोष्ट’ चार ओळी खाली. मी कागद फाडूनच घेतला. तिने विचारलं, “काका, पुढे काय होतं?”

आज हा नवा कागद लागलाय. सकाळीच पाहिलं, ती इथपर्यंत येऊन पोहोचली आहे. तर बाई, पुढे काय होतं ते शनिवारी, साडेआठला, गच्चीवर. उशी घेऊन ये आणि भावाला तांब्या खाली ठेवायला सांग.